व्हॅन बास्टेनने हेड कोचची खुर्ची सोडली तेव्हा

सप्टेंबर २०१४. अ‍ॅमस्टरडॅमच्या उत्तरेला आल्कमार म्हणून एक शहर आहे, चीजच्या बाजारासाठी प्रसिद्ध, तिथला फुटबॉल क्लब म्हणजे एझेड. सीझन सुरू होऊन जेमतेम महिना-सव्वा महिना झालेला आणि क्लबने जाहीर केलं की मार्को व्हॅन बास्टेन यापुढे हेड कोच नसेल. इथवर ठीक, कोच रोज कुठे ना कुठे जातच असतात. पण पुढचं वाक्य असं होतं की तो क्लब सोडून जाणार नाहीये, तो इथेच राहणार, असिस्टंट म्हणून. म्हणजे तीन वेळा बॅलन डी'ऑर (युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलरचं बक्षीस) जिंकलेला माणूस, ज्याने चार वर्षं नेदरलँड्सच्या राष्ट्रीय टीमला कोचिंग केलं, तो स्वतःच्या इच्छेने एक पायरी खाली उतरून त्याच ड्रेसिंग रूममध्ये दोन नंबरच्या जागेवर बसणार होता.

मी हे प्रकरण गेली कित्येक वर्षं डोक्यात घेऊन फिरतोय. मी स्वतः संध्याकाळी शाळेतल्या पोरांना फुटबॉल शिकवतो, छोटं काम आहे, पण साइडलाइनला उभं राहिल्यावर छातीत जे होतं ते मला माहितीये. त्यामुळे ज्यांनी तेव्हा "व्हॅन बास्टेन कोच म्हणून फेल गेला" असं एका वाक्यात उरकलं त्यांचं मला कधीच पटलं नाही. माझं म्हणणं असं आहे की आल्कमारचा निर्णय समजून घ्यायचा असेल तर त्याच्या उजव्या घोट्यापासून सुरुवात करावी लागते, कारण थांबायचं कधी हा धडा त्याला त्या घोट्याने शिकवला होता आणि त्याची फी फार मोठी होती.

तर घोटा.

व्हॅन बास्टेनचा जन्म ३१ ऑक्टोबर १९६४, युट्रेख्ट. वडील योप स्वतः फुटबॉल खेळलेले, आणि पोराच्या खेळामागे त्यांचं सगळं लक्ष. अ‍ॅमस्टरडॅमचा मोठा क्लब आयाक्स, त्याच्याकडून पहिली मॅच एप्रिल १९८२ मध्ये, नेक नायमेगनविरुद्ध, आणि सब्स्टिट्यूट म्हणून तो कोणाच्या जागी मैदानात उतरला तर डच फुटबॉलचा सगळ्यात मोठा खेळाडू योहान क्रायफच्या. डच फुटबॉलमध्ये याहून मोठा योगायोग शोधून सापडणार नाही. त्याच मॅचमध्ये गोलही केला. मग सलग चार सीझन डच लीगचा टॉप स्कोरर, २८, २२, ३७, ३१. यातले ३७ गोल १९८५-८६ मध्ये फक्त २६ मॅचमध्ये, त्याचा युरोपियन गोल्डन बूट, म्हणजे युरोपातल्या लीगमधल्या टॉप स्कोररचं बक्षीस, मिळाला. उंची सहा फुटांच्या वर आणि पाय मात्र एखाद्या बुटक्या ड्रिबलरसारखे हलके, हे कॉम्बिनेशन तेव्हा कोणी फारसं पाहिलेलं नव्हतं.

डिसेंबर १९८६ मध्ये ग्रोनिंगेनविरुद्धच्या मॅचमध्ये तो टॅकल करायला गेला आणि उजवा घोटा दुखावला. लक्षात घ्या, कोणी त्याला मारलं नव्हतं, टॅकल त्यानेच केला होता. तेव्हा आयाक्सचा कोच होता क्रायफ. घोटा नीट होत नव्हता, आणि युरोपियन कप विनर्स कप, म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या कप विजेत्यांची स्पर्धा, चालू होता. मग दोघांत तडजोड अशी झाली की लीगच्या मॅचमध्ये, ट्रेनिंगमध्ये सूट घे, पण युरोपच्या मॅचला मला तू पाहिजेस. तो खेळला. मे १९८७, अथेन्समधली फायनल, समोर पूर्व जर्मनीची लोकोमोटिव्ह लाइपझिग, आयाक्स १-० ने जिंकलं आणि गोल व्हॅन बास्टेनचाच, हेडरने. कॅप्टन म्हणून कप त्यानेच उचलला. फोटो सुंदर आहेत. पण त्या काही महिन्यांत दुखऱ्या घोट्यावर जे खेळणं झालं ते नंतर कधीच भरून निघालं नाही, हे त्याने पुढे स्वतः बोलून दाखवलंय. मी इथे क्रायफला व्हिलन करत नाहीये, तेव्हा स्पोर्ट्स मेडिसिन आजच्यासारखं नव्हतं, एमआरआय करून दुसऱ्या दिवशी रिपोर्ट हातात असा जमाना नव्हता, आणि बावीस वर्षांच्या पोराला फायनल खेळायचीच असते. पण निर्णय कोणी घेतला याकडे बघा. कोचला गरज होती, क्लबला गरज होती, पोराला स्वतःला मोह होता, आणि घोट्याचं कोणी ऐकलं नाही.

मग इटलीतला क्लब एसी मिलान. १९८७ ला तो आणि रूड गुलिट एकत्र गेले, पुढच्या वर्षी फ्रँक रायकार्ड. पहिल्याच सीझनला घोट्याचं ऑपरेशन, लीगमध्ये फक्त ११ मॅच, पण शेवटी परत आला तो थेट नापोलीविरुद्ध मारादोनाच्या घरच्या मैदानावर गोल करायला, आणि मिलान चॅम्पियन. त्यानंतर लगेच युरो १९८८, युरोपातल्या देशांची स्पर्धा, जिथे तो आधी पहिल्या अकरांमध्येच नव्हता. पहिल्या मॅचला सोव्हिएत युनियनविरुद्ध स्ट्रायकर म्हणून जॉन बॉसमन सुरुवातीपासून, व्हॅन बास्टेन बेंचवर, पाठीवर १२ नंबर. नेदरलँड्स हरलं. पुढच्या मॅचला कोच रिनस मिशेल्सने त्याला पहिल्यापासून उतरवलं, आणि इंग्लंडविरुद्ध हॅटट्रिक. सेमीफायनलला हॅम्बर्गमध्ये पश्चिम जर्मनीविरुद्ध मॅच संपत आली असताना विनिंग गोल.

आणि २५ जून १९८८, म्युनिकचं ऑलिम्पिक स्टेडियम, फायनल, परत सोव्हिएत युनियनच. तो गोल बहुतेकांनी पाहिलाय पण एकदा हळू करून बघा. डावीकडून आर्नोल्ड म्युरेन बॉल टाकतो, सदतीस वर्षांचा माणूस, आणि क्रॉस खरं सांगायचं तर जरा जास्तच लांब आणि उंच जातो. बॉल इतका वेळ हवेत राहतो की बघणाऱ्याला वाटतं आता हा छातीवर घेईल, थांबवेल, कोणाला तरी पास देईल. पेनल्टी बॉक्सच्या उजव्या कडेला, जिथून गोलचा अँगल जवळजवळ उरलेलाच नसतो, तिथून व्हॅन बास्टेन बॉल खाली पडूच देत नाही. उजवा पाय, तोच पाय. बॉल सोव्हिएत गोलकीपर दासायेवच्या डोक्यावरून जाऊन पलीकडच्या कोपऱ्यात. कॅमेरा मिशेल्सवर जातो तर तो म्हातारा हाताने तोंड झाकून चालतोय, जणू जे पाहिलं त्याच्यावर विश्वास बसत नाहीये. व्हॅन बास्टेनने नंतर सांगितलंय की तो दमला होता, बॉल कंट्रोल करून डिफेंडरशी झटापट करण्यापेक्षा सरळ मारून बघू म्हटलं. नेदरलँड्सची आजवरची एकमेव मोठी सीनियर पुरुष ट्रॉफी म्हणजे ती.

पुढची पाच वर्षं भराभर सांगतो कारण ती सगळ्यांना माहीत आहेत. दोन युरोपियन कप (हीच स्पर्धा पुढे चॅम्पियन्स लीग झाली), १९८९ ला स्टेउआविरुद्ध ४-० मध्ये दोन गोल त्याचे, १९९० ला बेनफिका. १९८८, १९८९, १९९२ ला बॅलन डी'ऑर. इटालियन लीगमध्ये १४७ मॅच आणि ९० गोल, आणि तेही अशा काळात जेव्हा तिथले डिफेंडर स्ट्रायकरला मागून पायावर घ्यायचे आणि रेफ्री खेळा म्हणायचा. नोव्हेंबर १९९२ मध्ये योटेबोरीविरुद्ध एका मॅचमध्ये चार गोल, चॅम्पियन्स लीगच्या नावाखाली असं करणारा तो पहिला. महिन्याभरात पुन्हा ऑपरेशन टेबलवर.

२६ मे १९९३, चॅम्पियन्स लीगची फायनल, मार्सेयविरुद्ध. स्टेडियम कुठलं, तर म्युनिकचंच. जिथे पाच वर्षांपूर्वी तो गोल केला त्याच गवतावर, घोट्यात दुखणं घेऊन तो खेळला, शेवटच्या काही मिनिटांत त्याला बाहेर काढलं, मिलान ०-१ हरलं. ती त्याची शेवटची मॅच. वय २८. तेव्हा मात्र कोणालाच माहीत नव्हतं की ही शेवटची आहे, त्याला स्वतःलाही नाही.

त्यानंतर दोन वर्षं जे चाललं ते वाचताना मला त्रास होतो. ऑपरेशनं, वेगवेगळे डॉक्टर, पायाभोवती ती इलिझारोव्हची लोखंडी रिंग, आपल्याकडे अ‍ॅक्सिडेंटच्या पेशंटच्या पायाला दिसते ना तीच, हाडातून आरपार तारा घातलेली. कार्टिलेज गेलं होतं. त्याने नंतर सांगितलंय की रात्री बाथरूमला जायचं तर तो उभा राहू शकायचा नाही, गुडघ्यांवर आणि हातांवर रांगत जायचा. जगातला सगळ्यात देखणा स्ट्रायकर, तिशीसुद्धा गाठलेली नाही, आणि घरात रांगतोय.

ऑगस्ट १९९५ मध्ये त्याने रिटायरमेंट जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी सॅन सिरोवर युव्हेंटसविरुद्धच्या मॅचआधी तो लोकांचा निरोप घ्यायला आला. गुलाबी शर्ट, वर जॅकेट, जीन्स. मैदानाला फेरी मारताना तो टाळ्या वाजवत हळू हळू धावतोय, आणि धावणं बघितलं तर कळतं की माणूस काय सहन करतोय. बेंचवर मिलानचा कोच फाबिओ कॅपेलो, दगडासारखा माणूस म्हणून ज्याची ख्याती, तो रडत होता. पुढे व्हॅन बास्टेनने तो घोटा कायमचा फिक्स करून घेतला. जॉइंट हलणं बंद, पण दुखणंही बंद. मग त्याला नीट चालता आलं, गोल्फ खेळता आलं.

रिटायर होताना तो म्हणाला होता की मी कोच होणार नाही. आता इथे जरा थांबा, कारण पुढे त्याने जे केलं त्याचं मूळ इथे आहे असं मला वाटतं. अठ्ठाविसाव्या वर्षी ज्याचा खेळ हिसकावला गेला तो माणूस मैदानाकडे परत येणारच. सात-आठ वर्षं लांब राहून त्याने डच फुटबॉल असोसिएशनचा कोचिंग कोर्स केला, २००३ मध्ये आयाक्सच्या ज्युनियर टीमबरोबर मित्र जॉन व्हान्ट स्किपसोबत काम सुरू केलं. एक सीझन. फक्त एक. आणि जुलै २००४ मध्ये डिक अ‍ॅडव्होकाट गेल्यावर थेट राष्ट्रीय टीम. कुठल्याही सीनियर क्लबचा एकही दिवस हेड कोच म्हणून अनुभव नाही. गंमत बघा, ही पद्धत डच लोकांना नवीन नव्हती, रायकार्डलाही १९९८ मध्ये असंच कोरं असताना राष्ट्रीय टीमवर बसवलं होतं. मोठं नाव आहे ना, मग जमेल. मला हा विचार मुळातच धोक्याचा वाटतो. ड्रायव्हिंग येतं म्हणून कोणाला एसटी डेपो चालवायला देत नाही आपण.

तरी सुरुवात जोरात झाली. सीडॉर्फ, डेव्हिड्स, क्लायव्हर्ट, मकाय अशी वजनदार नावं हळूहळू बाजूला केली किंवा मागे टाकली, छोट्या क्लबमधली पोरं घेतली. २००६ वर्ल्ड कपची क्वालिफायिंग एकही मॅच न हरता, १२ पैकी १० जिंकून. लोक खूश. वर्ल्ड कपला ग्रुपमधून पुढे गेले आणि मग आली पोर्तुगालविरुद्धची न्युरेम्बर्गची मॅच, तारीख २५ जून २००६, म्हणजे त्या फायनलला बरोबर अठरा वर्षं. चार रेड कार्ड, सोळा यलो कार्ड, वर्ल्ड कपच्या इतिहासातली सगळ्यात घाणेरड्या मॅचपैकी एक. पण माझ्या दृष्टीने त्यातली मुख्य गोष्ट कार्डं नव्हेत. टीम ०-१ ने मागे, आणि देशाचा सगळ्यात मोठा स्ट्रायकर रूड व्हॅन निस्टलरॉय पूर्ण वेळ बेंचवर. शेवटी स्ट्रायकर बदलायची वेळ आली तेव्हाही व्हेनेगोर ऑफ हेसेलिंकला पाठवलं. व्हॅन निस्टलरॉय ट्रॅकसूट घालून बसून राहिला.

हे मला समजायला वेळ लागला. ज्याने स्वतः १९८८ ला पहिल्या मॅचची सुरुवात बेंचवरून केली, ज्याला माहीत होतं बेंचवरच्या स्ट्रायकरच्या पोटात काय पेटतं, त्याने दुसऱ्या स्ट्रायकरला तेच केलं, आणि गोल पाहिजे असताना केलं. कोचिंगमध्ये याला ठामपणा म्हणतात. पण ठामपणा आणि हट्ट यांच्यातली रेघ अनुभवाने दिसायला लागते, आणि तो अनुभव त्याला कोणी घेऊच दिला नव्हता. व्हॅन निस्टलरॉयने त्यानंतर राष्ट्रीय टीममध्ये खेळणं थांबवलं, मार्क व्हॅन बोमेलने तर या कोचखाली खेळणार नाही असं सांगून टाकलं. व्हॅन निस्टलरॉयशी नंतर बोलणं होऊन २००७ मध्ये तो परत आला, हे दोघांच्याही मोठेपणाचं.

युरो २००८ म्हणजे त्याच्या कोचिंगची कमाल आणि घसरगुंडी दोन्ही बारा-तेरा दिवसांत. ९ जूनला वर्ल्ड चॅम्पियन इटलीला ३-०, चार दिवसांनी फ्रान्सला ४-१, म्हणजे मागच्या वर्ल्ड कपचे दोन्ही फायनलिस्ट झोडले. स्नायडर, रॉबेन, व्हॅन डर व्हार्ट, काउट, काउंटर अ‍ॅटॅक बघून अंगावर काटा यायचा. मग रोमानियाविरुद्ध राखीव प्लेयर खेळवूनही २-०. आणि २१ जूनला बासेलमध्ये रशियाविरुद्ध क्वार्टरफायनल, समोरच्या बेंचवर दुसरा डच माणूस, गुस हिडिंक. मॅचच्या काही दिवस आधी डिफेंडर खालिद बुलाहरूझच्या नुकत्याच जन्मलेल्या मुलीचा मृत्यू झाला. टीम हातावर काळी पट्टी बांधून उतरली, बुलाहरूझ स्वतः खेळला. आता अशा वेळी कोचने काय करायचं सांगा. खेळू नको म्हणायचं? खेळ म्हणायचं? टॅक्टिक्सच्या कुठल्या कोर्समध्ये हे शिकवतात? रशियाने ३-१ ने हरवलं, एक्स्ट्रा टाइममध्ये अर्शाविनने डच डिफेन्स अक्षरशः फाडला. हिडिंकची टीम धावत होती, व्हॅन बास्टेनची थकली होती. आकडे बघितले तर राष्ट्रीय टीमबरोबर ५२ मॅचमध्ये ३५ विजय, वाईट अजिबात नाही, पण नॉकआउटच्या दोन मॅच आणि दोन्ही हार, लोकांच्या लक्षात तेवढंच राहिलं.

तिथून सरळ आयाक्स, चार वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट. आणि हे प्रकरण लवकर संपलं. मिरालेम सुलेमानीवर १६ मिलियन युरोच्या वर खर्च, डच लीगमधला तेव्हाचा रेकॉर्ड, पण टीम बसलीच नाही. मे २००९ मध्ये स्पार्टाकडून ४-० ने मार खाल्ला आणि लीगची एक मॅच बाकी असताना त्याने राजीनामा दिला. त्या वर्षी लीग कोणी जिंकली, तर एझेडने, लुई व्हॅन गालच्या हाताखाली. नंतर तीन वर्षं त्याने कुठेच काम घेतलं नाही.

२०१२ ते २०१४ हेरेनव्हेन. नेदरलँड्सच्या उत्तरेला फ्रीसलँड प्रांतातला क्लब, मीडियाचा गोंगाट कमी. पहिल्या वर्षी आठवा नंबर, दुसऱ्या वर्षी पाचवा. आइसलँडचा आल्फ्रेड फिनबोगासन त्या दुसऱ्या सीझनला २९ गोल करून लीगचा टॉप स्कोरर झाला, हकीम झियेश तिथेच वर येत होता. स्ट्रायकरला स्ट्रायकर घडवताना बघणं यात जी मजा असते ती इथे होती. माझ्या मते त्याच्या कोचिंगचा सगळ्यात खरा काळ हाच, आणि याच्याबद्दल कोणी बोलत नाही. त्यामुळे एझेडने बोलावलं तेव्हा ते सगळ्यांना बरोबरच वाटलं. थोडा मोठा क्लब, थोडी मोठी अपेक्षा, पुढची पायरी.

आता परत आल्कमार. त्याच सुमाराला वडील योप गेले होते, ज्यांच्या मागे लागण्याने हा फुटबॉलर झाला ते. ऑगस्टच्या शेवटी बातमी आली की व्हॅन बास्टेनला हृदयाची धडधड होतेय, स्ट्रेसमुळे, आणि तो काही दिवस सुट्टीवर. टीम असिस्टंट अ‍ॅलेक्स पास्टूरकडे. लोकांना वाटलं आठ-पंधरा दिवसांत येईल. तो आला, पण येऊन म्हणाला की मला हेड कोच व्हायचं नाही, मला मैदानावर प्लेयरबरोबर काम करायचंय. हेड कोच म्हणून जॉन व्हॅन डेन ब्रॉमला आणलं, आणि व्हॅन बास्टेन त्याच्या शेजारी, हाताखाली.

त्याने स्वतः जे सांगितलं ते असं की हरल्यावर तो सावरू शकायचा नाही. मॅच संपली तरी त्याच्या डोक्यात संपायची नाही, झोप नाही, पुढच्या मॅचची भीती आधीच सुरू. आता याच्याकडे जरा नीट बघू. स्ट्रायकर म्हणून तो चान्स मिस करायचा तेव्हा दहा मिनिटांनी दुसरा चान्स यायचा आणि हिशोब चुकता करायला स्वतःचा पाय होता. कोचला पाय नसतो. माझ्या शाळेच्या टीमचा पोरगा रिकाम्या गोलसमोर बॉल वर मारतो तेव्हा माझा उजवा पाय जागच्या जागी हलतो, खरंच हलतो, आणि काही होत नाही. आता हे लाखभर पटीने वाढवा, आणि जागेवर अशा माणसाला ठेवा ज्याच्यासाठी जवळजवळ काहीच अशक्य नव्हतं. सामान्य प्लेयर कोच झाला तर त्याला चुकांची सवय असते, तो आयुष्यभर टॅलेंटच्या कमतरतेशी भांडलेला असतो. व्हॅन बास्टेनला परफेक्ट हवं असायचं आणि स्वतःच्या पायाने तो ते करायचाही. दुसऱ्याच्या पायाने परफेक्ट मिळत नाही, दर रविवारी नाही. त्यात हेड कोचचं काम म्हणजे निम्मं फुटबॉल आणि निम्मं बाकीचं. प्रेस कॉन्फरन्स, बोर्ड, एजंट, बेंचवर बसवलेल्याचं पडलेलं तोंड, ट्रान्सफर, स्पॉन्सर. असिस्टंटला सकाळी ट्रेनिंग ग्राउंडवर जायचं, स्ट्रायकरला शरीर कसं वळवायचं, पहिला टच कुठे घ्यायचा हे दाखवायचं आणि घरी यायचं. ही दोन वेगळी कामं आहेत, आपण एकाला दुसऱ्याची शिडी समजतो तिथे घोळ होतो.

आणि आता १९८७ आठवा. तेव्हा शरीर ओरडून सांगत होतं आणि सगळे म्हणत होते अजून थोडं खेळ. त्याने ऐकलं आणि पाय गमावला. २०१४ मध्ये परत शरीरच ओरडत होतं, या वेळी छातीतून, आणि परत सगळ्यांना तो पाहिजे होता, क्लबला त्याचं नाव पाहिजे होतं, त्याला स्वतःला आयाक्सचा डाग पुसायचा होता. या वेळी तो सव्वा महिन्यात थांबला. पन्नाशीला टेकलेल्या प्रसिद्ध पुरुषाने, तेही फुटबॉलसारख्या धंद्यात, पत्रकारांसमोर मला स्ट्रेस झेपत नाही असं म्हणणं, आणि ते म्हणून घरी न जाता दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर कमी हुद्द्याने हजर राहणं, याला काळीज लागतं. तेव्हा काही लोकांनी याला पळपुटेपणा म्हटलं, मला त्याचा आजही राग येतो.

क्लबचं नुकसान झालं का, तर नाही. व्हॅन डेन ब्रॉमच्या हाताखाली एझेड त्या सीझनला तिसरं आलं, पीएसव्ही आणि आयाक्सच्या मागे, फेयेनोर्डच्या पुढे. याचं श्रेय व्हॅन बास्टेनला किती द्यायचं यावर वाद होऊ शकतो, पण वेळेवर खुर्ची रिकामी केली नसती तर हा सीझन असा गेला असता असं मला वाटत नाही. आजारी हेड कोचच्या भोवती सगळा क्लब अडकून पडतो, तो बरा होतोय का, आज बोलेल का, पोरांना कोण सांगणार, आणि यात तीन महिने जातात.

२०१५ च्या उन्हाळ्यात हिडिंकने राष्ट्रीय टीम सोडली, डॅनी ब्लिंड हेड कोच झाला, आयाक्समधला जुना सहकारी, आणि त्याने असिस्टंट म्हणून व्हॅन बास्टेनला बोलावलं. तिथे आधीपासून दुसरा असिस्टंट कोण होता, तर रूड व्हॅन निस्टलरॉय. न्युरेम्बर्गला ज्याने बसवलं तो आणि ज्याला बसवलं तो, नऊ वर्षांनी एकाच बेंचवर. मला या प्रकरणातलं हे चित्र फार आवडतं. रिझल्ट मात्र वाईटच. ऑक्टोबर २०१५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला चेक रिपब्लिकने ३-२ ने हरवलं, व्हॅन पर्सीने हेडरने स्वतःच्याच गोलमध्ये बॉल घातला, आणि नेदरलँड्स युरो २०१६ ला गेलंच नाही, ग्रुपमध्ये चौथं.

ऑगस्ट २०१६ मध्ये जाहीर झालं की तो फिफामध्ये टेक्निकल डेव्हलपमेंटचं काम बघायला जाणार. त्याच महिन्यात अ‍ॅडव्होकाटही असिस्टंटचं काम टाकून तुर्कस्तानच्या फेनरबाचे क्लबला गेला, ब्लिंड एकटा पडला आणि यावर टीका झाली. ती मला योग्य वाटते, दोन नंबरवर असलेल्या माणसाची पहिली जबाबदारी म्हणजे एक नंबरवाल्याला अडचणीत टाकून न जाणं, आणि २०१४ ला जो वागणुकीने मोठा झाला तो इथे थोडा कमी पडला. फिफामध्ये त्याने ऑफसाइड काढून टाकू, टायब्रेकरला पेनल्टीऐवजी लांबून बॉल घेऊन आठ सेकंदांत कीपरसमोर जाऊ दे, काही मिनिटं बाहेर बसवायला नारिंगी कार्ड आणू अशा कल्पना मांडल्या, बऱ्याच लोकांनी डोक्याला हात लावला. मला त्यात तो जुना स्ट्रायकर दिसला, ज्याला डिफेंडरांनी लाथा मारून जेरीस आणलं आणि जो आता खेळात अटॅक करणाऱ्याला जागा मिळावी म्हणून धडपडतोय. २०१८ मध्ये तेही सोडलं. हेड कोच तो परत कधी झाला नाही, टीव्हीवर बसून मॅचबद्दल बोलतो.

मिलानच्या त्या तिघांचं कोचिंग शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे. गुलिट चेल्सीला प्लेयर-मॅनेजर म्हणून १९९७ चा एफए कप जिंकून देतो आणि नंतर कुठे टिकत नाही. रायकार्ड २००० च्या युरोची सेमीफायनल इटलीविरुद्ध पेनल्टीवर हरून तिथल्या तिथे राजीनामा देतो, स्पार्टा रॉटरडॅमबरोबर खालच्या डिव्हिजनमध्ये जातो, तिथून बार्सिलोना, २००६ ला चॅम्पियन्स लीग, आणि २०१३ ला सौदी अरेबियाचं काम गेल्यावर परत बेंचवर येतच नाही. त्यालाही आता हे नको झालं होतं. तिघांपैकी दोघं शांतपणे बाजूला झाले, पण सीझनच्या मध्ये उभं राहून, कारण सांगून, खालची जागा मागून घेणारा एकच.

नाही, तसा आणखी एक जवळ येतो, आणि त्याच्याकडे मी हल्ली लक्ष ठेवून असतो. व्हॅन निस्टलरॉय पुढे पीएसव्हीचा हेड कोच झाला, डच कप जिंकला, आणि मे २०२३ मध्ये लीगची एक मॅच बाकी असताना राजीनामा देऊन निघून गेला, बरोबर व्हॅन बास्टेनने आयाक्स सोडलं तसाच. वर्षभर घरी. मग २०२४ च्या उन्हाळ्यात तो मँचेस्टर युनायटेडला परत गेला, जिथे त्याने गोलांचा पाऊस पाडला होता, आणि काम घेतलं एरिक टेन हागच्या असिस्टंटचं.